राऊंडला वाचा बसते

ताई, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली स्टाफ नर्स, वय २६. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, बीड जिल्ह्यात. दोन वर्षांपासून पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. गेल्या दिवाळीनंतर मला पॅनिक अटॅक यायला लागले. सायकियाट्रिस्टने एसिटालोप्राम ही भीतीवरची रोजची गोळी सुरू केली, त्याला आठ महिने झाले. एरवी बरी आहे. पण डॉक्टरांच्या राऊंडला सरांनी इंग्रजीत काही विचारलं की छातीत धडधडतं, हातांना मुंग्या येतात आणि माहीत असलेलं उत्तरसुद्धा तोंडातून निघत नाही. वाचलेलं सगळं समजतं, चार्ट मी इंग्रजीतच भरते. मागच्या महिन्यात नाईटला, पहाटे तीनच्या सुमारास, एका पेशंटचं ऑक्सिजन सॅच्युरेशन उतरायला लागलं. सरांना फोन लावला आणि ‘हॅलो सर’च्या पुढे शब्दच सुचेना. शेवटी शेजारच्या मल्याळी सिस्टरच्या हातात फोन दिला. पेशंट सावरला, पण मला ते विसरता येत नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला होता. तिथे सगळ्यांसमोर उभं करून पाच मिनिटं बोलायला लावायचे, मराठी बोललं तर दहा रुपये दंड. तिसऱ्या दिवशी तिथेच अटॅक आला, क्लास सोडला. आता मोठ्या राऊंडच्या दिवशी क्लोनाझेपाम या शांत करणाऱ्या औषधाची अर्धी गोळी घेऊन जाते. डॉक्टरांनी ती फक्त अटॅकपुरती दिली होती. बरोबरच्या मुली ओईटी ही इंग्रजीची परीक्षा देऊन इंग्लंड-आयर्लंडला चालल्यात. माझे प्रश्न दोन : आधी पूर्ण बरी होऊ आणि मग इंग्रजीकडे बघू का? आणि हॉस्पिटलात आजाराचं सांगू का?
– एक सिस्टर, पुणे

सिस्टर,

आधी त्या रात्रीचं बोलू. तुम्ही तो प्रश्न म्हणून विचारलेला नाही, पण सलतंय ते तेच, हे ओळखायला समुपदेशक असावं लागत नाही. आकडा उतरताना तुम्ही पाहिलात. वेळेत फोन लावलात. आपल्याला बोलता येत नाहीये म्हटल्यावर फोन कवटाळून बसला नाहीत, जिला बोलता येत होतं तिच्या हाती दिलात. पेशंटच्या खाटेवरून बघितलं तर यात कुठेही खोट नाही. राहिली एकच गोष्ट, ती म्हणजे मराठीत बोलायची. ‘सर, चार नंबरचं सॅच्युरेशन पडतंय, लवकर या.’ पुण्यात काम करणाऱ्या डॉक्टरला, मराठी नसला तरी, एवढं कळतं. स्टाफने इंग्रजीत बोलावं असा तुमच्याकडे नियम असेलही, पण पेशंट निळा पडत असताना तो कुणी लावत नाही. कुणी लावलाच तर खुशाल लावू दे, सकाळी बघू. तेव्हा आजपासून एक पक्कं करून टाका : इमर्जन्सीत जी भाषा आधी तोंडात येईल ती बोलायची. मला वाटतं तुमच्या घाबरण्याच्या तळाशी ‘माझ्या इंग्रजीपायी पेशंट दगावेल’ हेच आहे. त्याचं उत्तर मराठीत आजच तयार आहे. त्यासाठी इंग्रजी सुधारायची वाट बघायची गरज नाही.

आता हातांना येणाऱ्या मुंग्या. तुम्ही रोज एबीजीचे, म्हणजे रक्तातल्या वायूंचे, रिपोर्ट बघता, त्यामुळे तुम्हाला हे समजावणं सोपं. घाबरल्यावर माणूस नकळत भराभर श्वास घ्यायला लागतो, पीसीओटू, म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड, खाली जातो, आणि मग ओठांभोवती, बोटांत मुंग्या, डोकं हलकं, ‘आता मी पडणार’. म्हणूनच अशा वेळी ‘खोल श्वास घ्या’ हा सल्ला उलटा पडतो. खोल आणि भराभर घेतलेला श्वास तो आकडा आणखी खाली नेतो. घ्यायचा तेवढाच घ्या आणि सोडताना लांबवा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. अटॅकचा कळस साधारण दहा मिनिटांत येऊन जातो, हेही तुम्हाला पुस्तकातून माहीत असेल. पण ते स्वतःच्या अंगावर आल्यावर पुस्तक आठवत नाही. मलाही आठवलं नव्हतं. समुपदेशनात येण्याआधी मी सात वर्षं नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवलं. म्हणजे इंग्रजी ही माझी रोजीरोटी, आणि तरी एका परिसंवादात माझा निबंध वाचायला उभी राहिले तर पहिल्या ओळीवरच वाचा बसली. हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवताना इतका वाजला की पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान वर केली.

शब्द न सुचण्याचं कारण मात्र वेगळं. डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. राऊंडला तुम्ही काय काय कोंबता बघा : आधी मराठीत वाक्य, मग त्याचं इंग्रजी, मग ‘हॅज’ की ‘हॅड’, मग सर काय म्हणतील, मग धडधड वाढली का याची चाचपणी. युरिन आउटपुटचा आकडा तिथेच कुठेतरी असतो, पण त्याच्यावर एवढा ढीग पडल्यावर हाती कसा लागणार? १९८६ साली टेक्सास विद्यापीठातल्या हॉर्विट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी परकी भाषा शिकताना वाटणारी भीती मोजायला ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यात एक विधान साधारण असं आहे : तयारी न करता बोलावं लागलं की मला घबराट सुटते. दुसरं असं, की बाकीची मुलं माझ्यापेक्षा चांगलं बोलतात असं मला नेहमी वाटतं. तुमच्याच पत्रातली वाक्यं वाटतात ना? पण ही विधानं इंग्रजी शिकणाऱ्यांवरून बेतलेली नव्हती. ती मुलं अमेरिकन, स्पॅनिशसारख्या भाषा नव्याने शिकणारी. इंग्रजी ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांचीही परक्या भाषेत अशीच बोबडी वळते. तेव्हा मराठी माध्यम, बीड जिल्हा, ‘आमच्याकडे बॅकग्राउंडच नाही’ हे सगळं जरा बाजूला ठेवू. त्यात तथ्य नाही असं नाही, पण राऊंडला वाचा बसते ती त्यामुळे नव्हे.

ही झाली भीतीची एक घडी, ती सगळ्यांना असते. तुमच्याकडे तिच्या खाली दुसरी आहे : अटॅकचीच भीती. तुमच्या वॉर्डातली दुसरी एखादी सिस्टर अडखळली तर तिला लाज वाटते, दोन तासांत ती विसरते. तुम्ही अडखळलात की तुमचं लक्ष ताबडतोब छातीकडे जातं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे. घाबरलेल्या माणसाचं लक्ष समोरच्याकडून स्वतःकडे वळतं, आणि मग तो त्यातून सुटण्यासाठी काही क्लृप्त्या करायला लागतो, ज्या भीतीला खतपाणीच घालतात. तुमच्या क्लृप्त्या पत्रात नाहीत, पण नर्सिंगच्या मुली बघून मी सांगू शकते. फाईल छातीशी धरून खाटेच्या पायाकडे, सरांच्या नजरेआड उभं राहणं. ‘येस सर’वर भागवणं. चिठ्ठीवर आकडे लिहून दुसरीला वाचायला देणं. वाक्य मनात तीनदा घोटणं, तोवर राऊंड पुढच्या खाटेवर. आणि आता ती अर्धी गोळी.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर : थांबू नका. ‘आधी बरी होते, मग बोलते’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण पॅनिकच्या बाबतीत ते जमत नाही. टाळलेली गोष्ट दर आठवड्याला थोडी मोठी होते. दोन वर्षांनी तुम्ही औषधातून बाहेर असाल आणि राऊंड डोंगराएवढा झालेला असेल.

पण न थांबणं म्हणजे त्या क्लाससारखं नव्हे. नॉरअ‍ॅडसारखं बीपी वाढवायचं औषध सुरू करताना तुम्ही काय करता? पंपावर थोडक्यात सुरू करता, बीपी बघता, वाढवता, पुन्हा बघता. सिरिंज एकदम रिकामी करत नाही. त्या क्लासने तुम्हाला भीतीचा बोलस, म्हणजे सगळा डोस एकदम, दिला, वर दहा रुपये दंड. अशा क्लासांबद्दल माझं मत बरंच वाईट आहे. फाडफाड बोलायला लावण्यात त्यांचा धंदा आहे, आणि ज्याला मुळात भीतीचा आजार नाही असा पोरगा तिथे धीट होतोही. तुम्ही तिथून निघालात ते बरं केलंत. ‘डोक्यात मराठी आणायचीच नाही’ हाही तिथलाच मंत्र असणार. मराठी आल्याशिवाय राहणार नाही, येऊ द्या.

क्लासऐवजी तुमच्या कामातच एक तयार साचा पडलाय, तो घ्या. एस-बी-ए-आर, म्हणजे एसबार. नर्सिंगला शिकवला असेल, परीक्षेपुरता. ही पद्धत मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, पुढे कैसर परमनेन्टे या तिथल्या आरोग्यसंस्थेतल्या लोकांनी ती रुग्णालयात आणली. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय हवंय. चार कप्पे, प्रत्येकात एखाद-दुसरं वाक्य. दडपणाखाली डोकं चालत नाही हे धरूनच ती बनवलेली आहे, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही ती वापरतात. त्या रात्रीचा फोन एसबारमध्ये असा झाला असता :

सर, आयसीयू, बेड फोर. सॅच्युरेशन एटी-एट ऑन फोर लिटर्स. वॉज नाइन्टी-फोर अ‍ॅट मिडनाइट. न्यूमोनिया, डे थ्री. आय थिंक ही इज टायरिंग. प्लीज कम, सर.

मोजा. निम्म्या वाक्यांना क्रियापदच नाही. शाळेतल्या बाईंनी याला दहापैकी चार दिले असते, पण सर मात्र अंथरुणातून उठले असते. व्याकरण कुठे सोडायचं आणि कुठे नाही हे वॉर्डात वेगळं असतं. ‘ही इज’च्या जागी ‘ही आर’ गेलं तर काही बिघडत नाही. ‘फिफ्टीन’च्या जागी ‘फिफ्टी’ ऐकू गेलं तर बिघडतं, म्हणून आकडा सुटा सांगायचा, ‘वन फाइव्ह’. शेजारच्या मल्याळी सिस्टरचं इंग्रजी एकदा नीट ऐका. उच्चार सगळे केरळचे, काळ मागेपुढे, आणि तिला कुणीही हसत नाही, कारण तिचे आकडे चोख असतात.

हा साचा चिठ्ठीवर उतरवा आणि चिठ्ठी खिशात ठेवा. क्लृप्त्या सोडा म्हणणारी मी चिठ्ठी ठेवायला सांगते, हे खटकेल. फरक एवढाच की ती तुम्ही स्वतः वाचायची, दुसरीला द्यायची नाही. पुढे खिशात राहील, मग घरी राहील.

डोस कसा वाढवायचा? पहिला आठवडा माणसासमोर बोलूच नका. ड्युटी संपल्यावर रूमवर एका पेशंटचा एसबार फोनवर रेकॉर्ड करा. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, ऐकून झालं की पुसून टाकायचं. ऐकताना शिसारी येईल. आपला आवाज सगळ्यांनाच परका वाटतो. मग त्या मल्याळी सिस्टरला समोर बसवून एक खाट सांगा. तीही कधीतरी मराठीत अडकत असेल, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना, तेव्हा देवाणघेवाण होऊन जाईल. मग सकाळच्या हँडओव्हरला सहापैकी एकच खाट इंग्रजीत, बाकीच्या नेहमीच्या मिसळीत. ही खाट तीच ठेवा जिचं तुम्हाला खडानखडा माहीत आहे. ही पायरी कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा येणं हे डोस वाढवायचं चिन्ह. राऊंड त्यानंतर, आणि तिथेही पहिलं वाक्य तुम्ही बोलायचं, सरांनी विचारायच्या आधी. ‘बेड फोर, सर. युरिन आउटपुट थर्टी अ‍ॅन अवर.’ विचारल्यावर उत्तर देण्यापेक्षा आपणहून सांगणं सोपं असतं, कारण सुरुवात तुमच्या हातात असते.

बोलताना नजर मॉनिटरवर किंवा पेशंटच्या छातीवर. वर-खाली होते का, किती वेळा, बाजूचे स्नायू ओढले जातात का. लक्ष आत वळतंय असं वाटलं की काहीतरी मोजायला घ्या, तुमच्या कामात मोजण्यासारखं पुष्कळ आहे. आणि मधेच वाचा बसली तर एक वाक्य पाठ असू द्या, ‘वन मिनिट, सर, आय विल चेक द चार्ट.’ चार्ट उघडायला दहा सेकंद लागतात, तेवढ्यात दोन लांब उच्छ्वास होतात. तिथून निघून मात्र जायचं नाही. भीती चढलेली असताना निघालात तर शरीर तेवढंच शिकतं, की निघालो म्हणून वाचलो.

नाईटच्या शेवटच्या दिवशी नवी पायरी चढू नका. झोप अर्धवट असली की अटॅक जवळ येतात, आणि तुम्हाला मराठीतही शब्द उशिरा सुचत असतील. काही दिवस असेच जाणार. अशा दिवशी एक पायरी खाली या, फोनवरच्या रेकॉर्डिंगवर या, पण शून्यावर नको.

आता क्लोनाझेपाम. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण तुम्ही नर्स आहात. अटॅकपुरती दिलेली गोळी तुम्ही राऊंडपुरती घेताय, म्हणजे ऑर्डर बदललीत आणि ज्याने लिहिली त्याला सांगितलं नाहीत. दुसऱ्या कुणी तुमच्या पेशंटच्या बाबतीत असं केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? ही गोळी शरीरातून निम्मी जायलाच ३० ते ४० तास लागतात. सकाळची अर्धी गोळी दुसऱ्या दिवशीही तुमच्याबरोबर औषधांचे डोस काढत असते. शिवाय या जातीच्या गोळ्या नवीन गोष्ट लक्षात राहण्याच्या आड येतात, म्हणजे घोटलेलं वाक्य संध्याकाळी पुसलं जातं. आणि राऊंड नीट गेलाच तर श्रेय कुणाला मिळतं? गोळीला. तुमच्या पदरात काहीच पडत नाही. मात्र आता हे वाचून ती एकदम बंदही करू नका, किती वेळा झाली आहे यावर ते अवलंबून आहे आणि ते तुमचे डॉक्टर ठरवतील. धडधड थोपवायला काहींना प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल तर ती चालत नाही. तीही तुम्ही सुचवायची, लिहायची त्यांनी. वॉर्डच्या कपाटातून कुठलीच गोळी स्वतःसाठी उचलायची नाही, हे सांगायला नको, तरी सांगते. तोंडाला कोरड पडत असेल तर तेही बोला. ती भीतीची असू शकते, तशी एसिटालोप्रामचीही. आणि त्यांना विचारून सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची उपचारपद्धत, करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे आठ-दहा बैठका लावून घ्या. वरच्या पायऱ्या तिथे नीट आखून मिळतील, मी तुम्हाला न बघता लिहिते आहे.

दुसरा प्रश्न, सांगायचं का. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला मी ‘लपवू नकोस, सगळं सांग’ असा बाणेदार सल्ला दिला होता. तिने सांगितलं. पुढच्या महिन्यापासून तिला आयसीयूतून काढून ओपीडीत बसवलं, ‘तुझ्याच भल्यासाठी’. तेव्हापासून माझा बाणेदारपणा कमी झालाय. कायदा तुमच्या बाजूने आहे : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. पण तुमचं काम व्यवस्थित चाललंय, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वाटेला जायची गरज मला दिसत नाही. निदान सांगू नका, अडचण सांगा, तीही एकाच व्यक्तीला. इनचार्ज सिस्टर बऱ्या असतील तर त्यांना : ‘राऊंडला अचानक विचारलं की माझं बोलणं अडतं. मी तयारी करतेय. महिनाभर मला आधी सांगा, मी एक खाट प्रेझेंट करते.’ त्या स्वतः कधीतरी राऊंडला थरथरल्या असतील. बहुतेक जणी थरथरलेल्या असतात, कुणी सांगत नाही एवढंच.

ओईटीचं आत्ता ठरवू नका. एवढंच माहीत असू द्या की तिच्या बोलण्याच्या भागात दोन रोलप्ले असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे, तयारीला दोन-तीन मिनिटं देतात, आणि सुरुवातीच्या ओळखीच्या गप्पांना गुण नसतात. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक झालेला असतो. त्याला धीर द्यायचा, समजावायचं, त्याचं ऐकून घ्यायचं. हे तुम्ही मराठीत रोज करता. औषध बदललेल्या महिन्यात तारीख घेऊ नका, एवढं पाळा.

रात्री रूमवर अटॅक आला आणि जवळ कुणी नसलं तर १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

पण त्याआधी एक फोन उद्याच करा, तुमच्या सायकियाट्रिस्टच्या क्लिनिकला. अर्ध्या गोळीचं पुढच्या अपॉइंटमेंटवर ढकलू नका. किती वेळा घेतली, शेवटची कधी, त्या दिवशी ड्युटी कुठली होती, हे कागदावर लिहून घ्या आणि वाचून दाखवा.